दाजींची काळी कुऱ्हाड

ताई गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात दाजींनी ऑनलाइन एक टॅक्टिकल कुऱ्हाड मागवली आणि मला घेऊन जंगलात मुक्कामाला आले. कुऱ्हाड काळी कुळकुळीत, पात्याच्या मागे अणकुचीदार सुळा. खोक्यावर तोंडाला काळं फासलेला सैनिक होता. आम्हाला चहापुरती लाकडं फोडायची होती.

पातं हलकं आणि पातळ. ते ओंडक्यात रुतायचं, पण ओंडका फुटायचा नाही. उपटून काढताना मागचा सुळा दाजींच्याच कपाळाकडे यायचा.

"दाजी, राहू द्या. काटक्यांवर होईल चहा."

"गप रे. आजवर तिनेच करून दिला. आता मला जमलं पाहिजे."

लढाईसाठी घडवलेल्या वस्तूला समोर कुणीतरी लागतं. ओंडका कुणाचाच शत्रू नसतो, तो नुसता पडून असतो. ताई गेल्यापासून आम्ही दोघंही तसेच होतो. त्या सुळ्याची मला भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही.

शेवटी दाजींनी कुऱ्हाड खाली ठेवली.

"तुझ्या बहिणीने ही घेऊ दिली नसती."

"नसतीच."

"दोन दिवस बोलली नसती माझ्याशी," ते म्हणाले, आणि काटक्या मोडू लागले.