तिघांत चौथा दगड

आमच्या घरात तिघांनी मिळून कुठं निघायचं नाही. निघावंच लागलं, तर एक दगड चौथा म्हणून बरोबर घ्यायचा. खोपोलीला जायचं ठरलं तेव्हा आम्ही तिघंच होतो: सासूबाई, हे आणि मी. दगडाचं काम माझ्याकडे आलं. मी नदीवर जाऊन चांगला गुळगुळीत, गोरापान निवडला. सोबती दिसायला बरा नको का! लग्नाला वर्ष झालं नव्हतं, अक्कल अजून माहेरीच होती.

जायचं होतं ते लढाईच्या वेळच्या छावणीत. माझे थोरले दीर दुसऱ्या महायुद्धात भरती झाले होते. त्यांच्या पत्रांवर गावाचं नाव नसायचं, नुसता आकडा. मग एक दिवस तार आली, तापानं गेले. ब्रह्मदेशातच गेले असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं. सासूबाई रोज तिन्हीसांजेला पूर्वेकडे तोंड करून दिवा दाखवायच्या.

आणि इतक्या वर्षांनी कर्जत स्टेशनावर ह्यांना त्या छावणीतला म्हातारा स्वयंपाकी भेटला. आडनाव ऐकून त्यानंच विषय काढला. दीर ब्रह्मदेशात गेलेच नव्हते. खोपोलीच्या पुढं, घाटाच्या पायथ्याशी एका बराकीत बसून कानाला यंत्र लावून ते जपान्यांचे बिनतारी संदेश टिपायचे. शेजारच्या खोलीत त्या गुप्त भाषेची उकल चालायची. घरी कळवायला बंदी. आजारी पडले तिथंच, आणि जाळलं तेही तिथंच, ओढ्याकाठी.

आमच्या दहिवलीहून सकाळी पायी निघालं तर दुपारच्या आत पोचावं, एवढ्यावर.

सासूबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भायेर गेलेल्याला जागेवरनं बोलवून आनल्याबिगर देव्हाऱ्यात त्याचा टाक बसत नाय. त्याला घेऊन यायचं."

टाक म्हणजे गेलेल्या माणसाची चांदीच्या पत्र्यावरची मूर्त. देव्हाऱ्यात सासऱ्यांचा होता. त्याच्या शेजारची जागा सासूबाई रोज पुसायच्या.

हे सगळं ऐकून माझ्या डोक्यात काय यावं? सहल! गुप्त संदेशांची जागा म्हणजे यंत्रं असतील, दिवे असतील, एखादा साहेब माहिती सांगेल. मी पुऱ्यांची कणीक भिजवली, लग्नातला शालू काढला.

"वऱ्हाडात चाल्लीस का गं?" सासूबाई दारात उभ्या.

"नाही आई, तिथं मोठी माणसं असतील..."

"हाय ना. माजा ल्योक हाय तितं. त्याच्यासाठी नेस हवं तर."

मी शालू ठेवला. पुऱ्यांची कणीक गाईनं खाल्ली. सोबत भाकरी आणि लसणाची चटणी आली.

खोपोलीच्या गाडीत सासूबाई पळसदरीपासून खिडकीबाहेर बघत होत्या. प्रत्येक माळाकडे, जणू कुठून तरी हाक ऐकू येणार होती. पुढं बरंच चालून छावणी आली. छावणी कसली, छप्पर उडालेल्या भिंती. आत शेण, कुड्याची झुडपं, खांबांची भोकं. मी वेडी अजून साहेब शोधत होते.

सासूबाई ओढ्यापाशी गेल्या. चटणी-भाकरी ठेवली. दिरांचं नाव घेऊन म्हणाल्या, "चल रं बाबा. लढाई सपली. आता सांगितलंस तरी कुनी काय बोलनार नाय."

ह्यांनी तोंड फिरवलं. मी पहिल्यांदा घाबरले.

निघताना पिशवीतला दगड सासूबाईंनी काढला आणि तिथंच ठेवला.

"आई, परत जाताना तिघंच होऊ," मी म्हटलं. शहाणपण उतू जात होतं.

त्या स्टेशनच्या वाटेला लागल्या. परतीच्या गाडीचा डबा जवळजवळ रिकामा होता. त्या खिडकीची जागा सोडून अलीकडं बसल्या. वारा लागेल म्हणून मी मुद्दाम खिडकीपाशी बसायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता.

"हितं नको गं," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला भायेर बघू दे."