आत्याचं शेवळं आणि मी धुतलेलं पातेलं

आमच्या भिवंडी तालुक्यात कंटेनरवाले दोनच ठिकाणी मुकाट्याने गाडी थांबवतात: टोलनाक्यावर आणि माझ्या आत्याच्या फाटकासमोर. टोलनाक्यावरून निदान पुढे तरी जाता येतं.

पस्तीस वर्षं आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. पडघ्याच्या आसपासच्या पाड्यांवरची निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मली आणि उरलेली निम्मी तिच्या हातातली सुई बघून पळाली, ती अजून सापडायची आहेत. निवृत्त झाल्यावर लोक कल्याणला ब्लॉक घेतात, गुडघे धरून सोफ्यावर बसतात. आत्या वळ गावाच्या पलीकडे, आमच्या आतोबांच्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या मागे राहिलेल्या तीन गुंठ्यांत गेली आणि तिथे तिने दोन खोल्यांचं कौलारू घर बांधलं. चारी बाजूंनी पत्र्याची गोदामं, इतकी उंच की सूर्यही आत यायला परवानगी मागतो. त्यांच्यामध्ये ते घर म्हणजे कंटेनरांच्या रांगेत कुणीतरी शेळी बांधून ठेवावी, तसं दिसतं.

मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा फाटकातच माझे पाय थिजले. मला वाटलं, दवाखानाच उचलून आणलाय बाईने. बांबूच्या आडव्या दांड्यावर पाण्याच्या बाटल्या उलट्या टांगलेल्या, झाकणाला भोक, भोकात कापसाची वात आणि प्रत्येक रोपाला थेंब-थेंब सलाईन चालू. वर प्रत्येकाच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत केसपेपर. ‘जास्वंद. वय तीन. मावा पडला. राखेचं पाणी दिलं. आराम आहे.’ ‘कढीपत्ता. भूक मंद. ताक चालू.’ एका रिकाम्या आळ्यात नुसताच कागद होता: ‘पपई. डिस्चार्ज.’

“हिला काय झालं, आत्या?”

“ऐकत नव्हती,” आत्या म्हणाली. मी दोन पावलं मागे सरलो.

पण खरा हबकलो तो फ्रिज बघून. तिच्या मुलाने, प्रशांतने, मोठ्या हौसेने आईला नवा कोरा फ्रिज दिला होता. आत्याच्या मते फ्रिज म्हणजे भाज्यांचं शवागार. महिन्याभराने गेलो तर तो फ्रिज परसात उताणा पडलेला, दार काढलेलं, पोट मातीने भरलेलं आणि त्यातून हळदीची ही कमरेएवढी पानं वर आलेली! आत्या शांतपणे म्हणाली, “बघतोस काय? आल्यापासून पहिल्यांदाच त्याने काहीतरी ताजं ठेवलंय.” प्रशांतला मी फोनवर सांगितलं, फ्रिज उत्तम चालू आहे. खोटं काहीच बोललो नाही.

तिच्या घरात ज्या दिवसांत जे उगवतं तेच शिजतं. थंडीत वाल, उन्हाळ्यात फणसाची कुयरी आणि शेवग्याचा फुलोरा, पावसात टाकळा, कुर्डू, कर्टोली, पुढे अळू. एकदा सुनेने जून महिन्यात सहज विचारलं, “आई, फ्लॉवर नाही का?” आत्या ताडकन उठली आणि म्हणाली, “जूनमध्ये फ्लॉवर? जीभ दाखव.” आणि खरोखर जीभ तपासली, पोरीला एरंडेल पाजायच्या बेतात होती. एका कंटेनरवाल्याने दारात कर्णा वाजवला तेव्हा शेवग्याची फुलं झडली. आत्याने त्याला खाली उतरवलं, झडलेली फुलं त्याच्याकडून वेचून घेतली, त्यांची भाजी केली आणि त्याच्याच पुढ्यात वाढली. “माताजी, ये फूल की सब्जी है?” “खा पहले, फिर बोल.” त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. तेव्हापासून त्या वाटेने जाणारे ड्रायव्हर कर्णा वाजवत नाहीत, आरशात केस नीट करून पुढे जातात.

घर सजवायचंही तिचं असंच. लूमच्या कारखान्यांतून कापडाच्या काठाची जी कतरण बाहेर पडते, तिचे पडदे, तिच्याच गोधड्या. ते पडदे ऋतूबरोबर बदलतात. उन्हाळ्यात पांढरे, पावसात हिरवे, थंडीत लालबुंद. मी एकदा पंधरा दिवसांनी गेलो तर चुकीच्या घरात शिरलो म्हणून माफी मागून बाहेर आलो. बुद्धपौर्णिमेला तर सगळंच पांढरं. पायरीचा काळा दगडही चुन्याने रंगवलेला. मी चौकड्यांचा शर्ट घालून आलो, तर मला दारातच चादर गुंडाळली आणि दिवसभर तसाच फिरवला. येणारे-जाणारे मला वंदन करून जात होते.

आणि पाणी! त्या घरात मोरीत पाणी गेलं की आत्याला रक्त सांडल्यासारखं वाटतं. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला, डाळीचं दुधीला, मासळीचं लिंबाला, भाजी धुतलेलं गवती चहाला. मला हे सगळं तोंडपाठ होतं. बाकी कशात नाही, पण याच्यात मी पहिला नंबर काढला असता. त्याच हुशारीने घात केला.

झालं असं की प्रशांतला आईची काळजी लागली. तो कल्याणला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी, भोवती रात्रंदिवस गाड्या. त्यात मार्चमध्ये तिने फोनवर त्याला माझ्या नावाने हाक मारली. मी तिशीपासून माझ्या मुलांना एकमेकांच्या नावाने हाका मारतो, पण मला कुणी कल्याणला नेत नाही. प्रशांतने मात्र मनात धरलं. “आई विसरते,” तो म्हणायला लागला. शेवटी त्याने सांगितलं, “रविवारी आम्ही जेवायला येतो, आई. मग तुझं इथे राहायचं की आमच्याकडे यायचं, ते ठरवूनच उठू.”

आत्या म्हणाली, “जेव. मग बोल.” फोन ठेवला आणि मला म्हणाली, “तू सकाळी ये. आणि तोंड बंद ठेव.”

तिने शेवळं करायचं ठरवलं. शेवळं म्हणजे मृगाच्या आगेमागे रानात जमिनीतून वर येणारे कोंब. चवीला असे की माणूस सुकट घातलेल्या त्या भाजीसाठी नातं तोडेल. पण ते खाजतात. काकडाच्या झाडाची आंबट, हिरवी फळं ठेचून त्यांचं पाणी भाजीत घातलं तरच ती खाज मरते. पाड्यावरची सोमी दोन्ही घेऊन आली. तिची तिन्ही पोरं आत्याच्याच हातची.

“शिस्टर, यंदा कोंब लय माजलाय. काकडाबिगर न्हाय हां शिजवायचा.”

“तू मला शिकव,” आत्या म्हणाली. “तुझा थोरला उलटा आला होता, तो कुणी सरळ केला?”

“तो अजून उलटाच हाय,” सोमी म्हणाली आणि हसत गेली.

आत्याने काकडं ठेचली, पातेल्यात पाण्यात कुस्करून ठेवली. चुलीवर शेवळं सुकटीबरोबर परतायला घेतलं. तेवढ्यात बाहेर एक कंटेनर मागे येता-येता कुंपणाला लागला. आत्या पदर खोचून बाहेर धावली. जाता-जाता म्हणाली, “तेवढी भांडी आवर.”

मी आवरलं. पातेल्यात हिरवट, गढूळ पाणी, त्यात साली आणि बिया. माझ्या हुशार डोक्याने लगेच निकाल दिला: भाजी धुतलेलं पाणी, म्हणजे गवती चहा. परसात जाऊन मी ते अभिमानाने गवती चहाच्या बुडाशी ओतलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी ते पातेलं घासलं, विसळलं आणि ओट्यावर पालथं घातलं. आयुष्यात मी भांडं घासलं ते एवढं एकच.

आत्या ड्रायव्हरला माणसात आणून परत आली. तिने चुलीकडे बघितलं, पालथ्या पातेल्याकडे बघितलं आणि झाकण ठेवलं. तिची पस्तीस वर्षांची शिस्त अशी की रिकामी कुपी म्हणजे इंजेक्शन दिलेलं. भांडं पालथं, म्हणजे त्यातलं आत गेलेलं. चव घेऊन बघायचा प्रश्नच नव्हता. शिजवताना चव घेणाऱ्या बायकांना ती म्हणते, “नर्स आधी स्वतःला टोचून बघते का?”

प्रशांत आणि सून आले. पानं वाढली. तांदळाची भाकरी, शेवळं, वर कच्चा कांदा. आत्या आमच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली, परीक्षेला बसल्यासारखी. पहिल्या घासाला प्रशांतचे डोळे मिटले. “आई,” तो म्हणाला, “अगदी लहानपणीसारखं.” मला वाटलं, जिंकलो. मी तर तोवर तीन वेळा वाढून घेतलं होतं.

मग सुनेने घसा खाकरला. प्रशांतने खाकरला. आणि माझ्या घशात एकदम लाखभर लाल मुंग्यांनी मोर्चा काढला, तोही घोषणा देत. जीभ सुजून माझी न राहता एखाद्या म्हशीची झाली. सून परसात धावली, प्रशांत ताकाच्या लोट्यात तोंड घालून बसला, मी भिंतीला गळा घासत होतो. आत्या क्षणभर पांढरी पडली आणि दुसऱ्या क्षणी नर्स झाली. तिघांना रांगेत बसवलं. “जीभ बाहेर! पुढची!” कोकमाचं आगळ, गूळ, तूप, पुन्हा आगळ. अर्ध्या तासाने आम्ही माणसासारखे श्वास घ्यायला लागलो.

प्रशांत घोगऱ्या आवाजात म्हणाला, “आई, तू काकड घातलं नाहीस.”

“घातलं,” आत्या म्हणाली. “पातेलं रिकामं होतं.”

“घातलं असतंस तर हे झालं असतं का? आज काकड विसरलीस, उद्या चूल विझवायला विसरशील. तू बॅग भर.”

मला वाटलं, आता आत्या याचाही केसपेपर काढणार. पण तिने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मग हळूच म्हणाली, “मला आठवत नाही रे. ओतल्याचं आठवतच नाही.” या बाईला कशाची तरी खात्री नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, ते हिरवं पाणी कसलं होतं. घशातली खाज परवडली असती.

“मी ओतलं!” मी ओरडलो. सुजलेल्या जिभेने ते तीनदा सांगावं लागलं. “गवती चहाला! पातेलं मी घासलं!”

प्रशांतने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “दादा, आईसाठी थापा मारू नकोस. आणि तू भांडं घासलंस? निदान पटेल असं तरी सांग. मागच्या वर्षी तू बिबट्याशी गप्पा मारल्या होत्यास.”

“बिबट्या खरा होता,” मी म्हणालो. “गप्पा थोड्या वाढवल्या.”

जन्मभर मी रचून सांगितलेलं लोकांनी मिटक्या मारत ऐकलं आणि आज एकदाच खरं बोललो तर सख्खा आतेभाऊ ऐकेना. मी त्याचा दंड धरला आणि ओढत परसात नेला. गवती चहाच्या बुडाशी ठेचलेल्या काकडांच्या साली आणि बिया पडल्या होत्या. प्रशांत खाली बसला. एक साल उचलून त्याने बोटांत चुरडली, हुंगली. आत्या मागच्या दारात उभी होती. तो वळून म्हणाला, “आई, तुझी चूक नव्हती.”

“मग मी भ्रमिष्ट नाही ना?” आत्याने विचारलं. हसत विचारलं, पण विचारलं.

“नाही गं.”

“बरं.” मग माझ्याकडे वळून तिने असा काही आवाज लावला की पलीकडच्या गोदामाचा पत्रा थरथरला. “गाढवा! एवढं आंबट प्यायलेल्या त्या गवती चहाला आता चुना कोण देणार?”

कल्याणचं नाव त्या दिवशी निघालं नाही, नंतरही नाही. संध्याकाळी प्रशांत दोन दुधी आणि हळदीची पानं घेऊन गेला. आत्या राहिली आपल्या घरात, कौलांखाली, हिरव्या पडद्यांच्या आत.

मी मात्र समजत होतो की सगळं जागच्या जागी बसलं. तसं झालं नाही. ती हल्ली चूल विझली का ते दोनदा बघते. भाजीची चव घेते, तीही आम्ही बघत नसताना. आणि सकाळी साडेअकराच्या सुमारास मला फोन करते. मी इकडे भिवंडीत, ती तिकडे वळच्या पलीकडे.

“अरे, आमटीत मीठ घातलं का रे मी?”

पहिल्या दिवशी मी हसणार होतो. पण तिच्या आवाजात थट्टा नव्हती. त्या पातेल्याबरोबर मी आणखीही काहीतरी ओतून दिलं होतं आणि ते कुठल्याही झाडाच्या बुडाशी सापडणार नव्हतं. आता रविवारी जेवायला गेलो की कधी आमटी अळणी असते, कधी खारट. मी दोन वाट्या जास्तच घेतो आणि मिटक्या मारतो.

“घातलंस, आत्या,” मी फोनवर सांगतो.

“नक्की?”

“नक्की. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

पलीकडे पळीचा आवाज येतो, आमटी ढवळल्याचा.

“बरं झालं बाबा, तू होतास,” आत्या म्हणते आणि फोन ठेवते.