बाईंचं हसणं

हसू फुटायच्या आधीच बाई पदर तोंडावर धरायच्या, तरी त्यांचं हसणं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जायचं. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या प्राथमिक शाळेत त्या रुजू झाल्या, तेव्हा मी तिथे जुनी होते. पुढे आमची घरंही एकाच गल्लीत आली.

"बाई, ऐका की," म्हणून त्या सुरू व्हायच्या. मुख्याध्यापकांचं खाकरणं, केंद्रप्रमुखांचं चष्म्यावरून बघणं, सगळं हुबेहूब. थोड्याच दिवसांत त्या माझ्यासारखं बोलायला लागल्या. फोनवर माझी मुलगीसुद्धा फसायची. जवळच्या माणसाचा रंग त्यांना फार लवकर लागायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जवळ कोण येतं, यावर त्यांचं बरंचसं ठरून जातं.

बाईंच्या जवळ त्यांचे यजमान होते. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला. दारू नाही, शिवी नाही, कधी हात उगारणं नाही. गल्लीत त्यांचं नाव चांगलं होतं. बाई हसल्या की ते वर्तमानपत्र खाली घेत आणि शांतपणे विचारत, "हसण्यासारखं काय झालं?" उत्तर मिळेपर्यंत बघत राहत. बाई सांगू लागत, आणि सांगता सांगता त्यात हसण्यासारखं काही उरत नसे.

"ते वाईट न्हाईत," बाई मला म्हणायच्या. "माझंच जरा लई होतं."

एकदा मी न राहवून म्हणाले, "हसू द्या की त्यांना, भाऊजी."

"मी कुठं अडवतोय?" ते म्हणाले. "मी फक्त विचारतो."

हे वर्षानुवर्षं चाललं. बाईंचं हसणं कधी थांबलं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

एक दिवस दुसरीच्या वर्गात चिमणी शिरली आणि पुढच्या बाकावरची पोर खुदकन हसली. बाईंनी खडू खाली ठेवला. "हसण्यासारखं काय झालं?" आवाज तोच, तेवढाच शांत. मी दारात उभी होते. क्षणभर वाटलं, बाईंनी पुष्कळ दिवसांनी नक्कल केली. पण बाई त्या पोरीकडे बघत राहिल्या, तिचा फ्रॉक ओला होईपर्यंत. मग त्यांनी खडू उचलला आणि पुढचा शब्द लिहिला.

त्यांची स्वतःची मुलगीही अशीच गप्प गप्प वाढली. लग्न होऊन पुण्याला गेली ती माहेरी फारशी आलीच नाही.

मग भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आला. एक अंग गेलं, वाचा गेली. राहिलं ते हसू. कारण नसताना फुटायचं आणि आवरायचं नाही. डॉक्टरांनी माझ्यासमोर बाईंना सांगितलं, "या आजारात होतं असं. त्यांच्या हातात नाही ते."

बाईंनी त्यांचं सगळं केलं. अंग पुसलं, दुधात भाकरी कुस्करून भरवली, पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. आणि त्यांना हसू फुटलं की त्या हातातली वाटी खाली ठेवायच्या, खुर्ची जवळ ओढायच्या आणि तो प्रश्न विचारायच्या. मग उत्तराची वाट बघत बसायच्या. भाऊजी हसत राहायचे आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहायचं.

"बाई, त्यांना कळतं हो सगळं," मी म्हणाले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर इचारते."

भाऊजी गेले. मला वाटलं, बाई आता मोकळ्या होतील. त्यांच्याकडे जाऊन बसले, मुख्याध्यापकांचं खाकरणं मला जमेल तसं काढून दाखवलं. त्यांनी नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "बाई, मी माझ्या सोताच्या आवाजात कशी बोलायचे, तुमाला आठवतं का?"

मला आठवेना. माझ्या कानात होते ते सगळे त्यांनी काढलेले दुसऱ्यांचे आवाज.

त्यांची मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली आणि महिना व्हायच्या आत तिनं परत आणून सोडलं. सामान उतरवताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, जरा लक्ष ठेवा. माझी छकुली आईसमोर जेवतच नाही."

छकुली गाडीतून उतरली नव्हती. बाई खिडकीपाशी गेल्या आणि त्यांनी काचेवर हात ठेवला. आतली पोर सरकत सरकत पलीकडच्या दाराला जाऊन चिकटली.

बाईंनी हात काढला. काचेवर पाच बोटं उमटली होती, ती त्यांनी तळव्यानं पुसली.

"निघा आता," त्या मुलीला म्हणाल्या. "ऊन व्हायच्या आत पोचा."