स्क्वायरचं ब्लँकेट

आमचे इंग्रजीचे सर लंडनला कधी गेले नव्हते. मुंबईला एकदा गेले होते, आणि तिथली गर्दी त्यांना आवडली नव्हती. पण शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनचे रस्ते ते असे सांगत, की अमरावतीच्या राजापेठेतून घरी जाताना रोज तिकडूनच सायकल काढत असावेत. धुकं कसं उतरतं, रस्त्यावरचे गॅसचे दिवे कोण लावतं, बग्गीचा दरवाजा नोकरानं कसा उघडायचा आणि उघडताना नजर कुठे ठेवायची. मार्च महिन्यात शाळेच्या कवेलूंच्या छपराखाली आमचे मेंदू शिजत असायचे आणि सर कोट न काढता शेकोटीसमोरच्या खुर्चीचं वर्णन करत असायचे. कोट हा त्यांच्या अध्यापनाचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा म्हणजे नोट्स.

या नोट्स सरांनी कॉलेजात असताना त्यांच्या प्रोफेसरांकडून उतरून घेतल्या होत्या. प्रोफेसरांनी त्या कुणा साहेबाकडून घेतल्या असणार. साहेबानं मात्र पुस्तक वाचलेलं असावं, असं मानायला जागा आहे. त्यानंतर कोणी वाचल्याची खूण नव्हती. दरवर्षी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गाला, सर त्या सांगत आणि वर्ग लिहून घेई. ज्याचा मोठा भाऊ आधी त्याच वर्गात बसून गेला होता त्याच्याकडे त्या तयार असत. तो त्या तासाला खिडकीबाहेरचे कावळे बघे, आणि सर त्याला काही बोलत नसत. पुस्तक घ्यायचं ते इन्स्पेक्टर आले तर बाकावर दिसावं म्हणून. मग पहाटे उठून, घराच्या पायरीवर बसून, डोलत डोलत नोट्स घोकायच्या. आमच्या गल्लीत काकड आरती, दूधवाल्याची हाक आणि इंग्रज जमीनदाराची स्तुती एकाच वेळी ऐकू येत असे.

पुस्तक म्हणजे रॅपिड रीडर. मागच्या शतकातली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी कोणीतरी आमच्यासाठी कापून बोटभर केली होती. तिच्यात एक स्क्वायर होता. स्क्वायर म्हणजे कोण, असं एकानं विचारलं तेव्हा सर म्हणाले, ‘‘आपला पाटील समज. पण जंटलमन.’’ वर्गात दोन-तीन पाटलांची मुलं होती. ती खाली बघून वही चाळू लागली.

मी दहावीत अकोल्याहून आलो. वडील कोर्टात नोकरीला होते, त्यांची बदली अमरावतीला झाली. वर्ष अर्धं गेलं होतं, म्हणून मला शेवटच्या बाकावर जागा मिळाली, हिवरखेडच्या मुलाशेजारी. आमच्या वर्गात बाहेरगावाहून आलेल्यांना नाव नसे, गाव असे. तो हिवरखेड होता, पुढच्या बाकावर एक अचलपूर होता, आणि मी लवकरच अकोला झालो. तो वसतिगृहात राहायचा. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली धम्म घेतला होता, आणि गावची मेलेली ढोरं ओढायचं काम त्याच दिवशी सोडलं होतं. त्यावर गावच्या मोठ्या जमीनवाल्यानं त्यांना शेतातलं काम देणं सोडलं. हे त्यानं मला दुःख म्हणून सांगितलं नाही. तुझा भाऊ कामाला एवढ्या लांब तेल्हाऱ्याकडे का जातो, असं मी विचारलं, त्याचं ते उत्तर होतं. पुढे जमीनवाल्याला माणसं कमी पडली तेव्हा त्यानं यांना परत बोलावलं आणि मजुरी आधीपेक्षा कमी दिली.

तेव्हा मॅट्रिक झाला तर त्याच्यासाठी अकोल्याला सरकारी कचेरीत जागा होण्यासारखी होती. नाही झाला तर हिवरखेड, आणि हिवरखेडात तेच शेत. याच्या मधलं काही नव्हतं.

त्याचा एक दोष होता. तो पुस्तक वाचायचा. वसतिगृहात नोट्स असलेला मोठा भाऊ कोणाचाच नव्हता, आणि ज्याचं इंग्रजी मनीऑर्डरचा फॉर्म भरण्यापुरतं होतं, त्याला सरांच्या सांगण्याचा वेग झेपणारा नव्हता. म्हणून त्यानं डिक्शनरी घेऊन पहिल्या पानापासून सुरुवात केली. मधल्या सुटीत तो मला गोष्ट सांगायचा.

‘‘त्या स्क्वायरच्या गवताच्या गाडीखाली गडी मेला ना बे.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग त्याच्या बायकोले अन् लेकरायले घरातून काढलं. घर स्क्वायरचं होतं. त्याले नवा गडी ठेवाचा होता तिथी.’’

‘‘गेली कुठी ते?’’

‘‘गरिबायले ठेवतेत तसं एक सरकारी घर असते तिकडं. काम करून घेतेत अन् पातळ कांजी देतेत. तिथी मंग नाताळाले स्क्वायर ब्लँकेट घेऊन गेला. सारं गाव रडलं लेकाचं.’’

‘‘काहून रडलं?’’

‘‘तेच मी पाहून रायलो. अजून सापडलं नाई.’’

अकरावीत बोर्डाच्या आधी शाळेची चाचणी परीक्षा असायची. तिच्यात जो नापास होई त्याचा बोर्डाचा फॉर्म शाळा पाठवत नसे. निकालाचा टक्का वर ठेवायची ही शाळेची रीत होती. विद्यार्थी सुधारण्यापेक्षा विद्यार्थी कमी करणं सोपं असतं, आणि मुख्याध्यापक गणिताचे होते. इंग्रजीच्या पेपरात प्रश्न आला: दयाळू स्क्वायरनं त्या गरीब कुटुंबाला कशी मदत केली?

हिवरखेडनं प्रश्न हा प्रश्न आहे असं समजून उत्तर लिहिलं.

निकालाच्या तासाला सर एक उत्तर निवडून मोठ्यानं वाचत. चांगलं नव्हे. चांगली उत्तरं सगळी एकसारखीच असत, कॉम्यासकट. तासाची करमणूक व्हावी म्हणून ते सगळ्यांत वाईट उत्तर निवडत आणि इंग्रजी वाक्य वाचून लगेच त्याचं मराठी करत. त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली.

‘‘स्क्वायरनं मदत केली नाही. नवरा त्याच्या गाडीखाली मेला. घर त्यानं काढून घेतलं. नंतर ब्लँकेट दिलं. घर ठेवलं असतं तर ब्लँकेट लागलं नसतं.’’

वर्ग हसला. सर थांबले, हसू पुरतं ओसरू दिलं.

‘‘इंग्लंडच्या एवढ्या थोर लेखकाला जे कळलं नाही, ते हिवरखेडला कळलं. उठा, क्रिटिकसाहेब. दयाळू हा शब्द प्रश्नात दिसला नाही का?’’

‘‘दिसला सर.’’

‘‘मग?’’

‘‘पुस्तकात दिसला नाई सर. तो दयाळू हाये असं त्याची बायको म्हंते, अन् पाद्री म्हंते. त्यायले काय घरातून काढलं होतं?’’

पुढच्या बाकावर कोणीतरी खोकलं. सरांचा आवाज बदलला. सर मूळचे अचलपूरचे. वऱ्हाडी त्यांनी घासूनपुसून काढून टाकली होती, पण रागात कल्हई उडायची.

‘‘काहून बे, तुले मत कोनं इचारलं?’’ म्हणाले, आणि लगेच टाय सरळ करून पुण्याच्या मराठीत परतले. ‘‘उत्तरात मत लिहायचं नसतं. उत्तर लिहायचं असतं.’’

पुष्कळ वर्षांनी मी ती कादंबरी न कापलेली वाचली. मूळ लेखक स्क्वायरवर हिवरखेडपेक्षा कितीतरी जास्त चिडलेला होता. त्याची पानंच्या पानं भरलेली चीड पुस्तक कापणाऱ्यानं काढून टाकली होती, ब्लँकेट तेवढं ठेवलं होतं. उरलेलं काम नोट्सनी केलं. त्या चिडीचा वास दोन भाषा आणि एक कात्री ओलांडून ज्याला लागला, त्याला त्या उत्तरासाठी भोपळा मिळाला. त्या भोपळ्यामुळे तो इंग्रजीत नापास झाला.

फॉर्म शनिवारी जायचे होते. तो बुधवारी सरांना भेटायला गेला, सोबत मला घेऊन. सर टीचर्स रूमच्या दारातच उभे राहिले.

‘‘मी काही राक्षस नाही,’’ सर म्हणाले. ‘‘शुक्रवारी वर्गासमोर उभा राहा. नोट्समधलं उत्तर तोंडपाठ म्हण. मी मार्क वाढवून पास करतो. फॉर्म तिथेच सही करून देतो.’’

परत येताना मीच बोललो.

‘‘म्हणून टाक. काय जाते?’’

‘‘तुयं काय जाते ते मले माईत हाये.’’

‘‘माझ्या नोट्स घेऊन जा. दोन दिवस पुष्कळ झाले.’’

‘‘मी लिवलं ते खरं हाये का नाई, तेवढं सांग.’’

‘‘खरं हाये. पण त्याले मार्क नाईत.’’

‘‘अकोल्याचे लोक लय हुशार असतेत बे,’’ तो म्हणाला. ‘‘सारं समजते त्यायले.’’ मग जरा पुढे गेल्यावर, ‘‘दे नोट्स.’’

शुक्रवारी सरांनी त्याला फळ्याशी उभं केलं. त्यानं वर भिंतीकडे बघत सुरुवात केली. स्क्वायर हा उदार अंतःकरणाचा, गरिबांचा कनवाळू, गावाचा आधारस्तंभ होता. शब्द एकही चुकला नाही. तो अर्ध्यावर आला तेव्हा सरांनी हात वर केला.

‘‘पाठ आहे. पण भाव कुठे आहे? साहित्य आहे हे, भाजीचा हिशोब नाही. कनवाळू शब्द पुन्हा म्हण.’’

त्यानं पुन्हा म्हटला.

‘‘अजून. त्या विधवेच्या डोळ्यांत काय आलं असेल? ब्लँकेट हातात पडल्यावर? विचार कर आणि म्हण.’’

पहिल्यांदा हसलेले आता हसत नव्हते. पाटलांपैकी एक मुलगा बाकावर कंपासनं काहीतरी कोरत होता. हिवरखेडनं क्षणभर डोळे मिटले, उघडले, आणि ते वाक्य म्हटलं. या वेळी त्यात भाव होता. कृतज्ञता होती, थोडा कापरा आवाज होता, जे जे हवं ते सगळं होतं. मला त्याची भीती वाटली.

‘‘बघा!’’ सर वर्गाला म्हणाले. ‘‘येतं की. शिकवलं तर सगळ्यांना येतं.’’

‘‘सर, फॉर्म.’’

‘‘थँक्यू म्हणायची पद्धत असते.’’

‘‘थँक्यू, सर.’’

सरांनी फॉर्मवर सही केली, वळणदार, खाली रेघ ओढून. शनिवारी फॉर्म गेला.

गेटबाहेर मी विचारलं, ‘‘राग नाई आला तुले?’’

‘‘येऊन रायला ना. पण मॅट्रिकच्या आंदी तो मले परवडत नाई.’’

तो मॅट्रिक झाला. इंग्रजीत त्याला माझ्यापेक्षा बरेच जास्त मार्क पडले, कारण माझ्या नोट्स त्यानं माझ्यापेक्षा चांगल्या पाठ केल्या होत्या. अकोल्याची जागा त्याला मिळाली. हिवरखेडच्या त्या शेतात तो मजुरीला परत गेला नाही, त्याचा भाऊही थोड्या वर्षांत सुटला. रॅपिड रीडरबद्दल त्यानं माझ्याशी पुन्हा एक शब्द काढला नाही, आणि मीही विषय काढला नाही.

पुढल्या वर्षी माझा धाकटा भाऊ त्याच वर्गात बसला. माझ्या नोट्स त्याच्याकडे होत्या, त्यामुळे तो कावळे बघत होता. तरी एक गोष्ट त्याच्या कानावर पडली, ती त्यानं घरी येऊन सांगितली. सरांनी वर्गाला सांगितलं होतं, की हिवरखेडचा एक मुलगा होता, ढ, उद्धट, पण गरिबाचा. केवळ आपल्याला त्याची दया आली म्हणून तो मॅट्रिक झाला. आणि मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असंही सांगितलं म्हणे.