मेजरांचा अंगठा

उंब्रजला हायवेच्या सर्व्हिस रोडवर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. नोव्हेंबर आला की तिथं पेन्शनवाल्यांची रीघ लागते. वर्षातून एकदा मशीनवर बोट टेकवून आपण जिवंत आहोत हे सरकारला दाखवावं लागतं. तो हयातीचा दाखला गेला नाही, तर पेन्शन थांबते. आमच्या भागात घरटी एक फौजी, त्यामुळं महिनाभर मला पाणी प्यायला सवड नसते. सवड नसली की माझी जीभ सैल सुटते. घरचेही हे सांगतात, पण ऐकतो कोण.

त्या गुरुवारी नदीपलीकडच्या गावचे मेजर आले. पलटणीत ते कोण होते ठाऊक नाही. फौजेतून आलेल्या प्रत्येकाला आम्ही मेजरच म्हणतो. पंचाहत्तरीचे, ताठ, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घातलेले. पेन्शनवाल्यांत ते शेवटचे होते. मागं सातबारा आणि जातीचे दाखले मागणारे आठ जण घाई करत होते. मेजरांनी अंगठा टेकवला. ठसा मिळाला नाही, असं स्क्रीनवर आलं. दुसरा अंगठा, मग दोन्ही तर्जन्या. पुन्हा तेच.

"मेजर, अंगठा झिजलाय तुमचा," मी म्हणालो. "शेतीत राबून रेषाच राहिल्या नाहीत."

हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं होतं. खरोखर झिजलेली बोटं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यामुळं ते बोलायला विचार करावा लागत नसे.

मेजर हात उजेडाला धरून बघत राहिले. "मग आता रं?"

"आठ दिवस हाताला काम देऊ नका. खोबरेल चोळा. मग या."

"आन तरीबी न्हाई उठला तर?"

"तर साताऱ्याला जाऊन साहेबांपुढं उभं राहा," मी म्हणालो आणि पुढच्या माणसाचे कागद घेतले.

संध्याकाळी लाईट गेली. सकाळी कॉम्प्युटर नव्यानं सुरू झाला आणि पहिल्याच माणसाचा ठसा एका दमात उठला. मशीन ठणठणीत आहे, मग दोष मेजरांच्या अंगठ्याचाच, असं मी धरून चाललो.

पुढच्या बुधवारी एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांची बोटं मऊसूत, हातात कधी विळा धरलेला नाही. स्क्रीनवर तेच आलं. बाईंना, तुमचं बोट झिजलंय म्हणायला माझी जीभ उचलेना. म्हणून पहिल्यांदाच मी बोट सोडून मशीनकडं बघितलं. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, फरक नाही. मग आत काय काय चालू आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. स्क्रीनवर एकच खिडकी होती, पण यादीत तोच प्रोग्राम तीनदा दिसत होता. आधीच्या गिऱ्हाइकाचं काम पुरतं संपायच्या आत मी घाईनं खिडकी बंद करायच्या फुलीवर दाबलं होतं. तो डोळ्यांआड झाला, पण आत चालूच राहिला आणि ठशाचं मशीन धरून बसला. नंतर उघडलेल्याला मशीन मिळणार कुठून? तिन्ही मारून टाकले, नव्यानं उघडला. बाईंचा दाखला मिनिटात निघाला.

गुरुवारीही मी अशीच फुली दाबली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मी दुसऱ्यांना पुष्कळदा ऐकवलं आहे. दुपारी दुकानाला कुलूप लावलं, लॅपटॉप आणि मशीन पिशवीत घातलं आणि मेजरांच्या गावाला गेलो.

मेजर सोप्यात बसले होते, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. अंगठे आणि तर्जन्या लालभडक. खालची नवी कातडी वर यावी म्हणून ते रोज सकाळी पाय घासायच्या वजरीनं बोटं घासत होते. धार, वैरण सगळं बायकोवर, म्हणजे काकूंवर टाकलं होतं. जेवणही चमच्यानं.

"हुकूम म्हंजे हुकूम," ते हसून म्हणाले.

मशीन जोडलं. अंगठे उठेनात, आता ते खरंच उठत नव्हते. तर्जन्याही नाहीत. शेवटी डाव्या हाताची अनामिका टेकवली. तिला वजरी लागली नव्हती. दाखला निघाला.

"लय धाकधूक हुती गड्या," मेजर म्हणाले. "तू म्हणून खरं सांगितलंस. बाकीचे नुस्तं सर्वर डाऊन म्हणून माघारी लावत्यात."

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण पुढ्यातला चहा बाजूला सारला. मी सगळं सांगून टाकलं: बंद केलेला प्रोग्राम आत चालूच होता, मशीन त्यानं अडवलं होतं, तुमची बोटं चांगली होती. मेजर सवयीनं अंगठा बोटावर घासायला गेले आणि थांबले.

काकू दारात उभ्या होत्या.

"तुज्या मशीनला काय झालंय ते रोज म्होरं बसून तुला कळंना," त्या म्हणाल्या, "आन ह्यांच्या हाताला काय झालंय ते एका नजरंत कळलं व्हय रं?"