काकांनी बंद केलेला रेडिओ

जुना रेडिओ तापल्याचा वास आला की तंजावरचा एक रविवार आठवतो. शेजारच्या म्हाताऱ्या ख्रिस्ती टीचर गुडघ्यांमुळे चर्चला जाऊ शकत नसत, म्हणून रेडिओवरची प्रार्थना ऐकायला आमच्याकडे येत. नंतर लागणारा वाद्यवृंद आम्ही दोघी कॉफी पीत ऐकायचो. त्या दिवशी त्या डोळे मिटून, ओठ हलवत बसल्या होत्या, तेवढ्यात माझ्या काकांनी येऊन खटकन रेडिओ बंद केला. “घराचं चर्च केलंय नुसतं!” ते म्हणाले. “काका, त्यांची प्रार्थना अर्धी राहिली!” मी ओरडले. ते चक्क हसले. टीचर भिंत धरत निघाल्या. मी रडत मागे धावले, तर लाडाने म्हणाल्या, “असू दे, कण्णू, बाळा, उरलेली प्रार्थना देवाला पाठ असते.” त्यांनी काकांना तिथेच माफ केलं. आज मी त्यांच्या वयाची झाले, तरी मी केलेलं नाही.