चौथ्या मजल्यावरचं काम

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार मिस्त्री म्हणायचा. त्याच्याकडे मोजायची यंत्रं होती, पण त्याचा भरवसा एका सुती फडक्यावर होता. डब्याच्या छपरावर उभं राहून तो लिफ्ट अगदी हळू खाली सोडायचा आणि फडकं पोलादी दोराला हलकेच धरून ठेवायचा. दोर धड असला की फडकं सरकत राहायचं. एखादी बारीक तार तुटून कुसळासारखी उभी राहिलेली असली की ते तिथे अडकायचं. अशा ठिकाणी मिस्त्री थांबायचा, खडूने खूण करायचा आणि मालकाला सांगायचा, "दोर बदला, मग तपासणीच्या कागदावर सही." त्याची सही कधी विकत मिळाली नाही. बाजारात त्याला मान होता तो यामुळेच.

घरी मात्र तो वेगळा होता. एकुलती एक लेक, खारीसारखी कुठेही चढायची म्हणून नाव पडलं खारू. तिला सांभाळायचं म्हणजे काय, तर भीती घालायची, हे त्याने कधी ठरवलं नव्हतं. ते आपसूक झालं. पाच वर्षांची असताना तो तिला म्हणाला होता, एकटी लिफ्टमध्ये शिरलीस तर आतला म्हातारा तुला घेऊन जाईल. दहाव्या वर्षी म्हणाला, मागच्या गल्लीत एक मुलगी हरवली. पंधराव्या वर्षी म्हणाला, रात्री फोन उशाशी ठेवून झोपलेली एक मुलगी सकाळी उठलीच नाही. खारू लहानपणी ऐकायची. मोठी झाल्यावर चौकशी करायला लागली. मागच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला तिने विचारलं, तर तो पोट धरून हसला. "हरवली? अगं, इथे साधी मांजर हरवत नाही."

त्या दिवसापासून बापाचं बोलणं ऐकून ती फक्त भुवई उडवायची.

सतरा पूर्ण झाल्यावर भांडण पेटलं ते वेळेवरून. सातच्या आत घरात, हा नियम. खारू कॉलेजच्या नाटकात होती आणि तालमी साडेआठपर्यंत चालायच्या. तिने सांगितलं, विनवलं, शेवटी न सांगता उशिरा यायला लागली. तिसऱ्या दिवशी दाराला आतून कडी होती. ती पाऊण तास जिन्यात बसून राहिली. वरच्या मजल्यावरची मंडळी तिला ओलांडून, "काय गं, किल्ली विसरलीस?" असं विचारत गेली. दार उघडलं तेव्हा तिचे डोळे कोरडे होते, आणि तेच तिच्या आईला जास्त लागलं.

"माझ्या घरात राहायचं, माझं खायचं, तर माझं ऐकायचं," मिस्त्री म्हणाला.

"मग खात नाही."

"बरं. फी पण भरू नकोस. फोनचे पैसे, बसचा पास, सगळं बंद."

"चालेल. पलंगाचं भाडं किती तेवढं सांगा."

"अगं, बापाशी बोलतेस तू!" आई शिलाईच्या मशीनवरून उठली. ती घरी पडदे शिवायची आणि तिच्या मांडीवर अर्धवट दुमडलेलं कापड होतं. "अहो, तुम्ही तरी जरा..."

"नाक दाबलं की तोंड उघडतं," मिस्त्री म्हणाला. "आठ दिवस थांब तू. येते की नाही बघ ताळ्यावर."

ती ताळ्यावर आली नाही. कामाच्या शोधात निघाली. हे कळलं तेव्हा मिस्त्रीने जे केलं ते त्याच्यासारख्या माणसालाच सुचलं असतं. बाजारातल्या जवळपास प्रत्येक इमारतीत त्याचा पाय होता. अडकलेली लिफ्ट त्याने सुट्टीच्या दिवशी येऊन सोडवली नाही असा दुकानदार सापडला नसता. तेव्हा त्याने एकेकाला फोन केला. पुस्तकाचं दुकान, चष्मेवाला, औषधांचं दुकान, दाताच्या डॉक्टरीणबाई. "माझी लेक कामाला विचारायला येईल. नको म्हणा. पोरगी हट्टाला पेटली आहे, शिक्षण सोडून बसेल." सगळ्यांनी त्याचा शब्द ठेवला. चांगल्या माणसांनी चांगल्या मनाने एकामागून एक दार लावलं. एका दुपारी चष्मेवाल्याने त्याला सांगितलंसुद्धा, "पाणी दिलं हो तिला. पाय दुखत असावेत, बराच वेळ बसली होती." मिस्त्रीला आत कुठेतरी बोचलं, पण तो मनाशी म्हणाला, झालंच आता, दोन दिवस.

दोन दिवसांनी खारूला काम मिळालं.

कुठे, ते तिने सांगितलं नाही. सकाळी नऊला जायची, सहाला यायची, स्वतःपुरता भात करायची आणि स्वतःचं भांडं घासून स्वतःच्या फळीवर पालथं घालायची. बोलायची ती फक्त आईशी. तिची मान मात्र ताठ झाली होती. मिस्त्रीला ते पाहून राग यायचा, आणि थोडं कौतुकही वाटायचं. ते कौतुक तो लगेच गिळून टाकायचा.

एका संध्याकाळी दोरीवर वाळत घातलेल्या तिच्या कुर्त्याशी तो थबकला. बाहीवर काळा ओघळ होता, धुऊनही न गेलेला. त्याने बाही नाकाशी नेली. जळकट वास. गाडीच्या इंजिनातून काढून टाकलेल्या तेलाचा.

दोराला कुणी असलं तेल लावत नाही. लावतो तो एकच माणूस, आणि तुटलेल्या तारा काळ्या थराखाली दिसू नयेत म्हणून लावतो.

मिस्त्रीने बाही पुन्हा नाकाशी नेली.

बाजाराच्या टोकाला जुनं चार मजली गोदाम होतं. तिथे मालाची लिफ्ट होती, जाळीच्या दाराची, 'माणसांना बंदी' अशी पाटी लावलेली आणि दिवसभर माणसांनी भरलेली. मागच्या वर्षी मिस्त्री तिथे तपासणीला गेला होता. दोरावर असलंच काळं तेल थापलेलं होतं आणि त्याखाली फडकं हातभर अंतरात सहा वेळा अडकलं होतं. दोर तुटलाच तर डब्याला रुळावर धरून ठेवणारी जी पकड असते ती गंजून दगड झाली होती. त्याने सही करायला नकार दिला. गोदामवाला हसून म्हणाला होता, "नका करू. करणारे पुष्कळ आहेत." मिस्त्री पायऱ्या उतरून घरी आला, हात धुतले आणि जेवला. आपल्या हाताला डाग नाही, एवढं त्याला पुरेसं वाटलं होतं. त्याने कुठे तक्रार केली नाही, घरी चकार शब्द काढला नाही. आणि आता दुकानदारांना फोन करताना गोदामवाल्याला फोन केला नाही, कारण आपली लेक तिथे जाईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"खारू कुठे काम करते?" त्याने बायकोला विचारलं.

ती मशीनचं चाक थांबवून म्हणाली, "सांगू नको म्हणाली होती. त्या टोकाच्या गोदामात. चौथ्या मजल्यावर खोकी बांधायची. सात बायका आहेत, सगळ्या चांगल्या आहेत म्हणे." मग त्याचा चेहरा पाहून तिने विचारलं, "का हो? काय आहे तिथे?"

सकाळी तो दाराशी उभा राहिला. खारू चपला घालत होती.

"त्या लिफ्टमध्ये चढू नकोस. तिचा दोर गेलेला आहे."

खारूने भुवई उडवली. "आणि आत म्हातारा बसलाय का?"

"खारू, मी खरं सांगतोय."

"तुम्ही नेहमीच खरं सांगता, बाबा. गल्लीतली मुलगी पण खरी होती. बाजूला व्हा, मला उशीर होतोय."

तो बाजूला झाला. जिन्यातून तिची पावलं टपटप खाली गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की आपल्या शब्दाला आता काही वजन उरलेलं नाही. सगळं आपणच उधळलं होतं, फालतू गोष्टींवर.

दुपारी तो गोदामात गेला. तळमजल्यावर गोदामवाला खुर्ची टाकून बसला होता. "या मिस्त्री! सही करायला आलात?"

"लेकीला भेटायला."

"ती नवीन मुलगी तुमची? चलाख आहे हं. लिफ्टने जा वर, जिना फार उभा आहे."

मिस्त्री जिन्याने गेला. चौथ्या मजल्यावर पुठ्ठ्याचा वास कोंडला होता. बायका चिकटपट्टी ओढत होत्या आणि तिचा चर्र आवाज सगळीकडून येत होता. त्याला पाहून खारूचे कान लाल झाले.

"बाबा, इथे नको. घरी बोलू."

"आत्ता चल. जिन्याने."

"ऐकलंत का मावशी," खारू सगळ्यांत वयस्कर बाईकडे वळून हसत म्हणाली, पण हसू ओठांपुरतंच होतं. "माझे बाबा म्हणतात, ही लिफ्ट पडणार आहे."

"पडायची असती तर माझ्या वजनाने कधीच पडली असती," मावशी म्हणाल्या. बाकीच्या हसल्या. "जिना तुम्हा पोरींसाठी. माझे गुडघे नाहीत हो तसले."

खारूने बांधलेल्या खोक्यांची ढकलगाडी घेतली, जाळी सरकवली आणि लिफ्टमध्ये शिरली. बापाकडे पाहत तिने बटणावर बोट ठेवलं. मिस्त्रीने एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि तिच्यामागोमाग तो आत शिरला.

डबा खाली निघाला. तिसऱ्या मजल्याच्या खाली वरून एक आवाज आला, कोरडी काटकी मोडावी तसा. मग आणखी एक. खारूने तो रोज ऐकला असेल. मिस्त्रीने दोन्ही हात मागच्या पत्र्याला लावले होते, बोटं पसरून, आणि त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. घाबरवणाऱ्या गोष्टी सांगताना त्याचा चेहरा नेहमी शांत असायचा, जणू पाढे म्हणतोय. हा चेहरा खारूने कधी पाहिला नव्हता.

तिने दुसऱ्या मजल्याचं बटण दाबलं. डबा हिसका देऊन थांबला. दोघं बाहेर आली. ढकलगाडी आतच राहिली.

"बाबा," तिचा आवाज एकदम लहान झाला, "तुम्ही घाबरलात."

"हो."

ती जाळीला टेकून उभी राहिली. मग तिच्या मनात काहीतरी सरकलं असावं. "तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"मागच्या वर्षीपासून."

"आणि कुणाकुणाला सांगितलंत?"

मिस्त्रीने जाळीवर हात टेकला आणि नजर खाली वळवली.

"म्हणजे मी इथे नसते तर..." तिने वर पाहिलं. वरून कुणीतरी ओरडलं, "खारू, लिफ्ट वर सोड गं!"

"दार उघडंच राहू दे," मिस्त्री घाईने म्हणाला. "जाळी उघडी असली की हलत नाही ती." आणि तो बोलत असतानाच त्याच्या हाताखालची जाळी उघडी असताना डबा हलला. सावकाश वर निघून गेला. उघड्या जागेत खालचा अंधार तेवढा राहिला. ती सोयही कुणीतरी तारेचा तुकडा जोडून बंद करून टाकली होती.

खारू जिन्याकडे धावली. दोन-दोन पायऱ्या घेत ती वर जाताना तिचा आवाज भिंतींवर आदळत होता. "मावशी, चढू नका! कुणी चढू नका!" मिस्त्री उघड्या जाळीशी उभा होता. आता सगळं एवढ्यावरच होतं, की तिचं तरी कुणी ऐकतं की नाही.

बऱ्याच वेळाने बायका जिन्याने उतरल्या. मावशी सगळ्यांत शेवटी, खारूच्या खांद्यावर भार टाकून, पायरीपायरीला "आई गं" म्हणत. दुसऱ्या मजल्यावर त्या मिस्त्रीसमोर थांबल्या. "पोरीच्या तोंडाकडे बघून उतरले मी. पण उद्या मालकाने कामावरून काढलं तर काय करायचं, ते पण सांगून ठेवा."

खालून गोदामवाल्याचा आवाज येत होता, "जेवणाची सुट्टी झाली का आत्ताच?"

त्या दुपारी मिस्त्री तपासणीच्या सरकारी कचेरीत गेला आणि एक वर्ष उशिरा तक्रार लिहून दिली. कारकुनाने शिक्का मारला. "साहेब दौऱ्यावर आहेत. आठ दिवसांत पाहणी होईल."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत काय? अर्ज आलाय ना."

संध्याकाळी तो खारूला म्हणाला, "फी मी भरतो. सातचा नियमही नाही. काहीच नियम नाही. तेवढं काम सोड."

"सोडेन," ती म्हणाली. "पाहणी झाली की. मी गेले नाही तर मावशी परत लिफ्टनेच जातील. त्या दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत."

सकाळी ती निघाली तेव्हा आईने पदर मुठीत धरला होता. "अहो, सांगा ना तिला. अडवा ना!"

'नाही' हा शब्द मिस्त्रीच्या जिभेवर आला होता. त्याने तो तिथेच ठेवला. "जाळीच्या जवळ वाकू नकोस," तो म्हणाला. "आणि डबा वर असताना खालच्या खड्ड्यात काही पडलं तर काढायला उतरू नकोस. कुणीही सांगितलं तरी."

खारू थांबली. बापाच्या चेहऱ्याकडे तिने नीट पाहिलं.

"खरं?"

"खरं."

तिने मान डोलावली आणि ती गेली. मिस्त्री गॅलरीत येऊन ती कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहत राहिला. आत मशीन बंद होतं. पाहणीला अजून सात दिवस होते.